छत्री काढू नका!

दिवाळीत पुण्याचा मावसभाऊ चंद्रपूरला आला होता. आमच्या घरात शिरलेली केबलची वायर बघून हसला. "अजून केबल? अरे, सगळं मोबाईलवर येतं आता. टीव्ही संपला!"

तेव्हा पाहुणा म्हणून गप्प बसलो. आता बोलतो.

संपला, पण कुणाचा? मीही मोबाईलवर सिनेमे बघतो, खोटं कशाला बोलू? माकडांनी वायर तोडली की केबलवाल्याच्या नावानं बोंब मारायचे दिवस मला परत नको आहेत. पण मंडळी, चंद्रपूर शहर म्हणजे अख्खा जंगलपट्टा नव्हे. भामरागडकडच्या विखुरलेल्या गावांत वायर ओढणं कुठल्या केबलवाल्याला परवडणार? तिथे टीव्ही म्हणजे छपरावरची छत्री. दूरदर्शननं 2004 साली ही सेवा सुरू केली, आज तिचं नाव डीडी फ्री डिश. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही.

स्ट्रीमिंगला मात्र टॉवर हवा, टॉवरला वीज हवी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथे रेंजचं काय घेऊन बसलात! मुसळधार पावसात छत्रीही रुसते, पण पाऊस ओसरला की चित्र परत येतं. तिकडची आमची आत्या म्हणते, "रेंजसाठी टेकडीवर जा लागते बापा, तिथं बसून मॅच पाहू का?"

"तिकडच्या लोकांना पैसेच मोजायचे नसतात," हेही ऐकलंय. त्यांनी दिवाळीनंतर वडशाकडे यावं. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, आणि लोक तिकीट काढून बघतात.

2007 च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. म्हणून भारताचा वर्ल्डकपचा सामना छत्रीवर फुकट दिसतो. उद्या "टीव्ही बघतंच कोण?" असं म्हणत हेही गुंडाळलं तर? ही भीती उगाच नाही. 2022 पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले, आणि घरावरचा ॲन्टेना निकामी झाला. तेव्हा निदान छत्री तरी होती. छत्री गेली तर पुढे काय?

शहरानं खुशाल केबल तोडावी. पण बातम्या आणि देशाचे सामने आभाळातून सगळ्यांना मिळालेच पाहिजेत. शहराला नको झालं म्हणून जंगलाचं बंद करायचं, ही कुठली प्रगती?

असो. मावसभाऊ हे वाचेलच. त्याच्याकडे रेंज आहे.