टाके पडतात दवाखान्यात, चिघळतात घरी : मग जबाबदारी कोणाची?

सिझेरियन झालेली बाई चार-पाच दिवसांत घरी येते. पोटावर पट्टी, कुशीत बाळ आणि पिशवीत डिस्चार्ज कार्ड. कार्डावर इंग्रजीत एक ओळ असते, तिचा अर्थ साधारण असा : ड्रेसिंग कोरडं ठेवा, आठ दिवसांनी टाके दाखवायला या. मधल्या आठ दिवसांत काय करायचं, हे सासूबाई, शेजारीण आणि व्हॉट्सॲप ठरवतात.

हा विषय किरकोळ वाटत असेल तर एक आकडा बघा. आयसीएमआरच्या पुढाकाराने देशातल्या तीन मोठ्या रुग्णालयांत (त्यात मुंबईचं टाटा मेमोरियलही होतं) ३,०२० शस्त्रक्रियांचा मागोवा घेतला गेला. २०२५ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. १६१ रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, म्हणजे शंभरात साधारण पाच जणांच्या. पण खरी बातमी पुढे आहे. यातले जवळपास दोन तृतीयांश संसर्ग रुग्ण घरी गेल्यानंतर उघड झाले, कारण या रुग्णालयांनी डिस्चार्जनंतरही रुग्णांचा पाठपुरावा केला. जिथे कोणी फोन करून विचारत नाही, तिथे हे संसर्ग मोजलेच जात नाहीत. रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि पहिल्या रुग्णालयाचं रेकॉर्ड स्वच्छ राहतं.

'घरच्यांनी काळजी घेतली नाही' हे कितपत खरं?

जखम चिघळली की पहिला आरोप घरच्यांवर होतो. भिजवली असेल, भात खाल्ला असेल, लवकर कामाला लागली असेल. प्रत्यक्षात बरेचसे जंतू ऑपरेशनच्या वेळीच आत गेलेले असतात. काही रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचे, काही हातांवरून किंवा उपकरणांवरून आलेले. त्यांची संख्या वाढून लाली, पू, ताप दिसायला साधारण पाच ते दहा दिवस लागतात. तोवर रुग्ण घरी पोचलेला असतो. म्हणून तर शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत दिसलेला संसर्ग हा शस्त्रक्रियेचाच संसर्ग धरतात. गुडघ्याचा सांधा बदलण्यासारख्या, शरीरात काही बसवलेल्या ऑपरेशनांत ही मुदत ९० दिवसांची असते.

याचा अर्थ घरची काळजी निरर्थक आहे असा नाही. घरी संसर्ग थांबवता येतो त्यापेक्षा तो लवकर ओळखता येतो, हे जास्त महत्त्वाचं. पहिले काही दिवस कडेला हलकी लाली, थोडी सूज, खाज, पट्टीवर किंचित पाणीदार डाग हे चालतं. दुखणं रोज कमी व्हायला हवं. ते कमी होऊन पुन्हा वाढलं, लाली पसरत चालली, जखम गरम लागली, घट्ट किंवा दुर्गंधी येणारा स्राव दिसला, टाका सुटून कड उघडली, थंडी वाजून ताप आला, तर आठव्या दिवसाची वाट बघायची नाही. रोज एकाच उजेडात, एकाच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर फरक डॉक्टरांना लगेच कळतो.

पाण्याची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. साध्या, शिवलेल्या जखमेच्या कडा साधारण ४८ तासांत एकमेकींना चिकटतात. त्यानंतर डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंगावर पाणी घेऊन आंघोळ करता येते. जखम चोळायची नाही, स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करायची. टबात बसणं, विहिरीत किंवा तलावात उतरणं टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत नको. पट्टीला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं हे यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम.

हळद, खोबरेल तेल, भस्म यांतलं काहीही ताज्या टाक्यांवर नको. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा डेटॉल रोज चोपडणंही नको. त्याने जंतूंबरोबर नव्याने भरणारी त्वचाही दुखावते. आणि भात-डाळीने पू होत नाही! पू जंतूंमुळे होतो. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीची नेमकी डाळ, अंडी बंद होतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं कोणत्याही मलमापेक्षा महत्त्वाचं. तंबाखू आणि सिगारेटनेही जखम भरायला वेळ लागतो.

गोळ्या वाढवल्या म्हणजे काळजी घेतली?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियेतल्या संसर्गाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. संसर्ग टाळण्यासाठी अँटिबायोटिक ऑपरेशनच्या आधी द्यावं, ऑपरेशन संपल्यावर ते लांबवू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे डिस्चार्जच्या चिठ्ठीत पाच-सात दिवसांचा कोर्स हा जणू रिवाजच. आणि तो नसला तर रुग्णालाच चुकल्यासारखं वाटतं. संसर्ग झालेला असेल तर औषध लागतंच, आणि लिहून दिलेला कोर्स मनाने बंद करायचा नाही. पण तो कशासाठी आहे, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. जखम लाल दिसली म्हणून मेडिकलवरून परस्पर आणलेली स्ट्रिप सगळ्यात वाईट. तिने लक्षणं दोन दिवस झाकली जातात आणि पुढे औषधाला न जुमानणारे जंतू शिल्लक राहतात.

पैशाचं गणित कुठे अडतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. देशाचा आकडा २१.५ टक्के, आणि देशभरातल्या खासगी रुग्णालयांत तो ४७.४ टक्के. म्हणजे पोटावर टाके घेऊन घरी येणाऱ्या बायका थोड्याथोडक्या नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १० दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो, आयुष्मान भारतमध्ये १५ दिवसांचा. आता ३० दिवसांची व्याख्या आठवा. विसाव्या दिवशी पू झाला तर वैद्यकशास्त्राच्या हिशोबाने तो ऑपरेशनचाच परिणाम, पण पॅकेजची मुदत संपलेली. ड्रेसिंगचा, रिक्षाचा, बुडलेल्या रोजाचा खर्च कुटुंबाचा.

खेडेगावात एक धागा मात्र आहे. नवजात बाळासाठी आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. सिझेरियनच्या घरात या भेटी सातव्या दिवसापासून सुरू होतात, म्हणजे टाके बिघडण्याच्या नेमक्या काळात. भेट मुख्यतः बाळासाठी असते. त्याच भेटीत आईची जखम बघून, नोंद करून, ती नोंद ऑपरेशन केलेल्या रुग्णालयापर्यंत पोचवली तर नवी योजना काढावी लागणार नाही. त्या कामाचा मोबदला आणि प्रशिक्षण आशांना द्यावं लागेल, हे ओघानेच आलं. शहरातल्या खासगी नर्सिंग होममधून आलेल्या बाईकडे तर हा धागाही बहुधा नसतो.

तोवर डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरण्याआधी, चार गोष्टी मराठीत लिहून मागता येतात. पट्टी कधी काढायची, आंघोळ कधीपासून, टाके विरघळणारे आहेत की काढावे लागणार (चेहऱ्याचे साधारण पाच दिवसांत निघतात, हातापायांचे दहा ते चौदा), आणि रात्री अकराला ताप आला तर फोन कोणत्या नंबरवर करायचा. नंबर रिसेप्शनचा नको, उचलणाऱ्या माणसाचा हवा.