विश्लेषण : डबा बदलला, औषध तेच! आंब्यावरची बुरशीनाशके निष्प्रभ का ठरतात?

मंडणगड तालुक्यातील हापूस बागांत मोहोर फुटला की फवारणीचे पंप सुरू होतात. पाऊस लांबला, थंडी उशिरा आली आणि मोहोर टप्प्याटप्प्याने आला, तर फवारण्याही वाढतात. इतका खर्च करूनही भुरी, करपा हटत नाही तेव्हा ‘औषध बनावट होते’ असे म्हटले जाते. मात्र कारण बुरशीतही असू शकते.

बुरशी दाद का देत नाही?

कार्बेन्डाझिमसारखे आंतरप्रवाही औषध बुरशीच्या पेशीतील एकाच प्रथिनावर घाव घालते. असंख्य बीजाणूंपैकी एखाद्यात त्या प्रथिनाची रचना किंचित बदललेली असते. तिथे औषध चिकटत नाही. फवारणीत बाकीचे मरतात, तो वाचतो आणि पुढे त्याचीच पिलावळ बागभर पसरते. अशा बुरशीवर मात्रा दुप्पट केली तरी उपयोग होत नाही, फक्त पैसे जातात. गंधक, मॅन्कोझेब मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात. म्हणूनच ही जुनी औषधे अजून टिकून आहेत.

असे कुठे घडले आहे?

युरोपात गव्हासाठी स्ट्रोबिल्युरिन गटातील औषधे १९९६ मध्ये आली आणि १९९८ मध्येच उत्तर जर्मनीत त्यांना न जुमानणारी भुरी आढळली. जवळचे उदाहरण द्राक्षाचे. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी करप्याच्या बुरशीत कार्बेन्डाझिमविरुद्धचा प्रतिकार नोंदवला. महाराष्ट्रातील द्राक्षांवरच्या केवडा रोगात स्ट्रोबिल्युरिनविरुद्धचा प्रतिकार २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. द्राक्षावर करपा आणणारी कोलेटोट्रायकम बुरशी आंब्यावरही करपा आणते. त्यामुळे हापूसच्या बागायतदाराला हा प्रश्न परका नाही.

औषध बदलले, मग अडचण काय?

अडचण नावांत आहे. हेक्झाकोनॅझोल संपले म्हणून टेब्युकोनॅझोल, नंतर प्रोपिकोनॅझोल आणले, तर डबे तीन झाले, पण गट एकच राहिला. कार्बेन्डाझिम आणि थायोफिनेट मिथाईल यांचेही तसेच. ‘फ्रॅक’ या आंतरराष्ट्रीय समितीने औषधांना गटक्रमांक दिले आहेत. कार्बेन्डाझिम १, हेक्झाकोनॅझोल ३, ॲझॉक्सिस्ट्रोबिन ११. गंधक व मॅन्कोझेब ‘एम’ गटात. कृषी सेवा केंद्रात कंपनीचे नाव विचारण्याआधी घटक आणि गट विचारावा, तो यासाठी. जोड औषधातही दोन्ही घटकांचे गट पाहावे लागतात.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत भुरीसाठी १० लिटर पाण्यात हेक्झाकोनॅझोल ५ मिलि किंवा पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २० ग्रॅम, असा पर्याय आहे. त्यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. एका फवारणीत एक, पुढच्या फवारणीत दुसरे घेतले, तर पहिल्यातून वाचलेली बुरशी दुसऱ्यात सापडते.

प्रत्येक अपयश म्हणजे प्रतिकार?

नाही. फवारणीनंतर लगेच पाऊस पडला, मात्रा कमी पडली किंवा उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत तुषार पोहोचले नाहीत, तरी रोग राहतोच. आणखी एक गफलत सर्रास होते. पानांवरचा काळा थर हा करपा नव्हे, तर तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढलेली काजळी असते. तिथे आधी तुडतुडे आवरावे लागतात. करप्याची बुरशी वाळक्या फांद्यांवर तग धरते. पावसाळा सरल्यावर त्या छाटून बागेबाहेर नेल्या, तर मोहोरावर येणारे बीजाणूच कमी होतात आणि एखादी फवारणी वाचू शकते.