पडदा नको, कुंड्यांची रांग हवी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भाच्याचं लग्न ठरलं, त्या आनंदात आम्ही सगळे परभणीतल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. बुरख्यातल्या बायका पाहताच वेटरनं आम्हाला ‘फॅमिली केबिन’मध्ये नेलं. तिन्ही बाजूंनी प्लायवूड, पुढे जाड पडदा आणि खिडकीचा पत्ता नाही. आपल्याकडे मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो, हे मी सांगायला नको. पुरुष मंडळी बाहेर कूलरपुढे बसली होती. बिर्याणी येईपर्यंत अम्मी घामानं भिजल्या. “दम घुट रहा बेटा, घर चलो,” म्हणाल्या आणि ताट तसंच ठेवून उठल्या.

बायकांना इज्जतीनं बसवायचं म्हणून त्यांना कोंडायचं, हा कुठला न्याय? आड हवी, हे खरं. नकाब वर करून निवांत जेवता यावं, एवढीच आपली मागणी असते. त्यासाठी भिंतच लागते असं नाही. औरंगाबादचा बीबी का मकबरा आठवा. कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे. आडही झाली आणि हवा-उजेडही अडला नाही.

पुढे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो बारा टेबलांचं हॉटेल काढत होता. “आपा, केबिन किती ठेवू?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “केबिनऐवजी झाडं लाव.” तो हसला, पण एक कोपरा करून पाहायला तयार झाला.

आम्ही आधी मोजमाप घेतलं. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर येतात. म्हणजे कुंडी आणि झाड मिळून पाच फूट उंची झाली की पलीकडच्या टेबलावरची नजर अडते. दीड फुटाच्या लांबट कुंड्यांत अरेका पाम दाटीनं लावले. कोपऱ्यात दोन बाजूंना भिंत, उरलेल्या दोन बाजूंना कुंड्या आणि मध्ये येण्याजाण्याची वाट. बायकांच्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. काही कुंड्यांना चाकं बसवली. मोठी दावत असली की त्या सरकवून दोन टेबलं एक करता येतात.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. मोठ्या ठिपकेदार पानांचं डिफेनबेकिया दिसायला देखणं असतं, पण लहान मुलानं पान चावलं तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. मनी प्लांटचंही थोडंफार तसंच आहे, म्हणून तो उंचावर टांगावा. कण्हेर तर जेवणाच्या जागेजवळ नकोच, ती सगळीच्या सगळी विषारी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं की डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा तरी ताटली पुसून कोरडी करावी. बंद खोलीत झाडं फार दिवस तग धरत नाहीत. म्हणून कुंड्यांचे दोन संच ठेवावेत, एक आत आणि एक बाहेर सावलीत, आणि आठवड्यानं अदलाबदल करावी. पानांवर तेलकट धूळ बसते, ती ओल्या फडक्यानं पुसावी.

झाडं हवा शुद्ध करतात असं पुष्कळ जण सांगतात. ती गोष्ट 1989 सालच्या नासाच्या प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. खऱ्या खोलीत चार कुंड्यांनी फारसा फरक पडत नाही. खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा हवाच.

वाट अडवू नये, हे सर्वांत महत्त्वाचं. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलांना आग लागून 14 जणांचा जीव गेला. दाराकडे जाणारा रस्ता किमान तीन फूट मोकळा ठेवावा. प्लास्टिकच्या वेली तर टाळाव्यातच, त्या भराभर पेटतात.

तो कोपरा तयार झाल्यावर मी अम्मींना घेऊन गेले. आधी त्या यायलाच तयार नव्हत्या. बसल्या, इकडेतिकडे पाहिलं, मग सावकाश नकाब वर केला. पूर्ण जेवल्या, वर चहाही मागवला. सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. काही कुटुंबं अजून केबिनच मागतात. त्यांच्यासाठी त्या मुलानं एक केबिन ठेवली आहे, पण खिडकीजवळ आणि वरून मोकळी.

भगिनींनो, पुढच्या वेळी हॉटेलात जाल तेव्हा मालकाला एवढंच विचारा, “भाई, आम्ही बसतो तिथं हवा कुठून येते?” चार घरांनी विचारलं तर पाचव्या घराला विचारायची वेळ येणार नाही.