व्यसनमुक्ती आणि ताटातले अन्न

भारतीय संविधानाच्या चौथ्या भागात राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे सांगितली आहेत. त्यांतील अनुच्छेद ४७ मोठा अर्थपूर्ण आहे. लोकांचे पोषणमान व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य होय, असे तो सांगतो. त्याच अनुच्छेदात, औषधी उपयोग वगळता मादक पेये व आरोग्यास घातक अशा अमली द्रव्यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असेही म्हटले आहे. पोषण आणि नशाबंदी हे दोन विषय संविधानकारांनी एकाच ठिकाणी गुंफले. व्यवहारात मात्र आपण त्यांची फारकत केली आहे. दारू सोडविण्याची गोष्ट निघाली की आपण शपथ, मनोनिग्रह, औषधे आणि उपदेश यांविषयी बोलतो. त्या माणसाच्या ताटात काय पडते, हे कोणी विचारत नाही. व्यसनमुक्तीच्या प्रयत्नात आहाराला मानाचे स्थान मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. यांतील प्रत्येकाच्या मागे एक घर आहे, एक चूल आहे.

दारू माणसाला उपाशी कशी ठेवते, हे आधी समजून घेतले पाहिजे. एक ग्रॅम मद्यार्कापासून सात किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून चारच मिळतात. त्यामुळे पिणाऱ्याची भूक मरते. पण या ऊर्जेबरोबर प्रथिने, जीवनसत्त्वे किंवा क्षार जवळजवळ येतच नाहीत. पोट भरल्यासारखे वाटते आणि शरीर मात्र रिकामे राहते. शिवाय मद्यामुळे आतड्यांची अन्नरस शोषण्याची आणि यकृताची साठवण करण्याची शक्ती कमी होते. म्हणजे खाल्ले जाते ते थोडे, आणि अंगी लागते ते त्याहून थोडे.

या उपासमारीचा सर्वांत भयंकर परिणाम मेंदूवर होतो. थायमिन, म्हणजेच ‘ब-१’ जीवनसत्त्व, याचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. तो संपला की मेंदूच्या पेशींना साखरेपासून ऊर्जा मिळविता येत नाही. कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने १८८१ साली अशा रुग्णांचे वर्णन केले. मनाचा गोंधळ उडणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे आणि चालताना तोल जाणे, ही त्या विकाराची लक्षणे. पुढे रशियातील सर्गेई कोर्साकोव्ह यांनी मद्यासक्तांमध्ये आढळणाऱ्या गंभीर स्मृतिनाशाचे वर्णन केले. आज हे दोन्ही विकार थायमिनच्या अभावाशी निगडित मानले जातात. वेळीच थायमिन दिले तर पहिला विकार बरा होऊ शकतो. उशीर झाला तर गेलेली स्मृती बहुधा पुरती परत येत नाही. आता विचार करा. दारू सोडलेला माणूस आठवड्याभरात झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर घरचे आणि शेजारी काय म्हणतील? “पुन्हा पिऊन आला!” ज्याला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे, त्याच्या वाट्याला शिव्या येतात. केवळ अज्ञानामुळे एक माणूस कायमचा गमावला जाऊ शकतो.

यावर समाजाला काहीच करता येत नाही, असे नाही. ऑस्ट्रेलियाने १९९१ साली पावाच्या पिठात थायमिन मिसळणे सक्तीचे केले आणि त्यानंतर तेथे या मेंदूविकाराचे प्रमाण घटल्याचे आढळले. आपल्याकडे तर थायमिन देणारे पदार्थ घरोघरी आहेत. ज्वारी, बाजरी, डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, तीळ यांत ते असते. कोकणात आणि गोव्यात खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळात ते बरेचसे टिकून राहते. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळातून मात्र कोंड्याबरोबर निघून जाते.

आहाराचा संबंध मनाशीही आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना आज भारतासह अनेक देशांत काम करते. पुन्हा पिण्याची इच्छा उसळली की स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असा परिपाठ तिच्या सभासदांमध्ये आहे: मी भुकेला आहे का? रागावलो आहे का? एकटा पडलो आहे का? थकलो आहे का? यांत भूक पहिली आहे. रिकाम्या पोटी चिडचिड होते, हातपाय गळून जातात, आणि नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला ही अस्वस्थता दारूची ओढ वाटते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो; येथे ती अगदी शब्दशः खरी ठरते.

कोणी म्हणेल, “भाजी-भाकरीने व्यसन सुटते का?” एकट्या भाजी-भाकरीने ते सुटत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला पटवून दिले. आजाराला उपचार लागतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर आकडी येण्याचा, भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून ती वैद्यांच्या देखरेखीखालीच सोडावी. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट जेवण देणेही घातक ठरू शकते. अन्न हे उपचारांना पर्याय नव्हे; पण ज्या शरीरावर उपचार करायचे, ते शरीर अन्नानेच उभे राहते.

अन्नाचा एक दुरुपयोगही आपल्याकडे सर्रास चालतो. ‘नकळत जेवणातून द्या आणि दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. हताश झालेली घरची माणसे अशी चूर्णे आणून वरणात कालवतात. त्यांत काय मिसळले आहे, हे त्यांना ठाऊक नसते. डायसल्फिराम हे दारू सोडविण्यासाठी वापरले जाणारे औषध रुग्णाच्या नकळत दिले आणि तो वरून दारू प्यायला, तर त्याचा जीवही जाऊ शकतो. शिवाय एकदा कळले की आपल्या ताटात कोणी काही कालवते, मग तो माणूस घरचे अन्नच टाळतो. जे अन्न विश्वासाने वाढायचे, त्यातच कपट शिरले तर माणूस परतणार तरी कोठे?

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आहाराचे महत्त्व सांगताना सारा भार घरातील स्त्रीवर टाकणे अन्यायाचे होईल. घरात दारू आली की पुरुषाबरोबर बायकामुलेही अर्धपोटी राहतात, आणि सर्वांत शेवटी जेवणारी स्त्री सर्वांत उपाशी राहते. म्हणून दारूचे वाचलेले पैसे प्रथम सर्वांच्या ताटात दिसले पाहिजेत. त्यासाठी महागडे टॉनिक नको. भाकरी, डाळ किंवा उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, एखादे केळे, जमल्यास अंडे, इतके पुरे. ते वेळेवर आणि सर्वांनी मिळून खावे. दारू सोडणाऱ्याने स्वतः बाजारातून भाजी आणली, ती निवडली, शिजविली, तर संध्याकाळची ती अवघड वेळही बरीचशी निभावून जाते.

शासकीय आणि खाजगी व्यसनमुक्ती केंद्रांत औषध आणि समुपदेशन यांच्या बरोबरीने आहाराचा सल्ला अनिवार्य असावा. मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे; तो प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत लोकांना माहीत असावा. व्यसनातून परतणारा माणूस दाराशी उभा राहील, तेव्हा त्याला आधी उपदेश ऐकवू नये. आधी पाट मांडावा, ताट वाढावे आणि आपणही त्याच्या शेजारी बसावे.