सूट

आमची भाची डॉक्टर. पुढील प्रशिक्षणासाठी जे-१ व्हिसावर अमेरिकेस गेली. अट अशी, की शिक्षण संपताच मायदेशी एकूण २ वर्षे राहावे; त्याखेरीज तिकडे एच-१बी किंवा ग्रीन कार्ड नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचे नाव कौशल्य-यादीतून गळले, तेव्हा पुष्कळ जण सुटले. डॉक्टर मात्र अडकलेलेच! त्यांना आपल्या सरकारचे ना-हरकत पत्रही चालत नाही. भाचीने मग सूट मिळवली. (आम्हांला सूट ठाऊक ती दिवाळीतल्या खादीवरची!) हिच्यासाठी डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात ३ वर्षे राबायचे, जागा राज्यागणिक वर्षाला ३०. घरचे सगळे खूष. ताई तेवढी म्हणाली, "अरे, कायदा पोरीला २ वर्षे माझ्याकडे धाडत होता, त्यातून सूट कसली मागता?"