साखळी ओढायचा हक्क

‘निवडून दिलाय ना, मग आता पाच वर्षं भोगा!’ नळाला पाणी आलं नाही, नवा कोरा रस्ता पुन्हा खणला, नगरसेवक फोन उचलत नाही, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. ‘अमेरिकेत बघा, नालायक माणसाला मतदार मध्येच घरी बसवतात!’ २०११ साली अण्णा हजारे यांनी ‘राईट टू रिकॉल’ची मागणी केली तेव्हापासून तर हा शब्द चहाच्या टपरीवरही पोचला. निवडून दिलेल्या माणसाला मुदत संपायच्या आत मतदारांनी परत बोलावणे, म्हणजे रिकॉल.

हा हक्क असावा असंच माझं मत आहे, ते आधीच सांगून टाकते. पण ज्या अमेरिकेचा दाखला आपण देतो तिथे प्रत्यक्षात काय काय झालं, ते बघितल्यावर माझ्या मताला दोन-तीन अटी चिकटल्या. त्या अटींसाठीच हा लेख.

आधी एक गैरसमज. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला किंवा संसद सदस्याला रिकॉल करता येत नाही. राज्य पातळीवरच्या पदाधिकाऱ्यांना परत बोलावण्याची सोय फक्त १९ राज्यांत आहे. रिकॉलचं खरं घर आहे खाली, म्हणजे शहर, शाळा मंडळ आणि कौंटी. कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. फरक एवढाच की तिथे कलेक्टर वरून नेमून येत नाही. लोकांनी निवडलेलं मंडळ कारभार बघतं. त्याच्या सदस्यांना बऱ्याच ठिकाणी ‘सुपरवायझर’ म्हणतात. (आपल्या परीक्षेतले सुपरवायझर वेगळे!) तुरुंग, आरोग्य खातं, बागा, कुठे कुठे बस आणि विमानतळसुद्धा कौंटीकडे असतो. अशा तीन हजारांहून जास्त कौंट्या आहेत.

ही पद्धत तशी जुनी आहे. १९०३ साली लॉस एंजेलिस शहराच्या सनदेत रिकॉल आलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका नगरसेवकाला घरी जावं लागलं. १९११ मध्ये ते कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेत गेलं. पण मला सांगायच्या आहेत त्या दोन अलीकडच्या गोष्टी.

पहिली मिलवॉकी कौंटीची. विस्कॉन्सिन राज्यातली ही सर्वांत मोठी कौंटी. सन २००० च्या अखेरीस तिथल्या मंडळाने कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे नवे नियम मंजूर केले. त्यात एक कलम होतं, ते आपल्या भाषेत असं. समजा, एक माणूस ५५ व्या वर्षी निवृत्त होऊ शकत होता, पण तो ६० पर्यंत काम करत राहिला. आता त्याला म्हणता येणार, ‘मी ५५ लाच निवृत्त झालो असं धरा.’ मग मधल्या ६० महिन्यांची पेन्शन त्याला व्याजासकट एकरकमी मिळणार, आणि शिवाय पुढची पेन्शन चालूच. (त्या ६० महिन्यांचा पगार तर त्याने घेतलेला आहेच!) महिना २,००० डॉलर्स धरा, ६० ने गुणा. व्याज सोडून १ लाख २० हजार डॉलर्स झाले. हा एका माणसाचा हिशोब. आता हे हजारो कर्मचाऱ्यांना लावा.

गंमत म्हणजे यात चोरून काहीच झालं नव्हतं. ठराव मंडळात आला, मतदान झालं, सह्या झाल्या. त्यानंतर जवळजवळ एक वर्ष बाहेरच्या कोणाला पत्ता नव्हता! २००१ च्या अखेरीस पत्रकारांनी आकडे जोडले तेव्हा स्फोट झाला. कौंटीचे प्रमुख टॉम अमेंट हे १९९२ पासून त्या पदावर होते. तेच पदावर टिकून राहिले असते तर पुढे त्यांनाही २० लाख डॉलर्सहून जास्त एकरकमी मिळू शकले असते.

मग सामान्य करदाते उठले. विस्कॉन्सिनचा नियम असा आहे की, त्या भागात गव्हर्नरपदासाठी आधीच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या २५ टक्के सह्या ६० दिवसांत गोळा करायच्या. मिलवॉकीत हा आकडा सुमारे ७३ हजार होता. ऐन थंडीत, बर्फात उभं राहून लोकांनी सह्या केल्या आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त केल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये, रिकॉलचं मतदान व्हायच्या आधीच, अमेंट यांनी पद सोडलं. त्याच वर्षी २५ जणांच्या मंडळातल्या सात सुपरवायझरना मतदारांनी रिकॉल करून घरी पाठवलं. मंडळाच्या अध्यक्षाबाईही त्यात होत्या.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण थांबा, पुढचं ऐका.

माणसं गेली, पण पेन्शनचं काय? ते वचन कर्मचाऱ्यांना रीतसर दिलेलं होतं, ते काढून घेणं सोपं नव्हतं. कौंटी कित्येक वर्षं ते फेडत राहिली. ज्या सल्लागार कंपनीने खर्चाचं गणित करून दिलं होतं तिच्यावर कौंटीने दावा लावला. २००९ मध्ये साडेचार कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. त्याच वर्षी पेन्शनचा खड्डा बुजवायला कौंटीने सुमारे ४० कोटी डॉलर्सचे रोखे काढले. म्हणजे साडेचार कोटी परत आले आणि ४० कोटींचं कर्ज काढावं लागलं. रिकॉलने माणूस हटतो, त्याची सही पुसली जात नाही.

रेल्वेच्या डब्यातली लाल साखळी आठवा. ओढली की गाडी थांबते. पण मागे पडलेलं स्टेशन काही परत येत नाही. आणि साखळीखालची पाटीही आपण सगळ्यांनी वाचलेली आहे, योग्य कारणाशिवाय साखळी ओढणाऱ्याला दंड होतो. ‘योग्य कारण’ हे शब्द महत्त्वाचे. कारण दुसरी गोष्ट त्याचीच आहे.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला शास्ता नावाची कौंटी आहे. डोंगर, जंगल, पाऊणेदोन लाखांच्या आसपास वस्ती आणि पाच सुपरवायझर. त्यातले एक लिओनार्ड मोटी, रेडिंग शहराचे माजी पोलीस प्रमुख आणि रिपब्लिकन पक्षाचे. कोरोनाच्या काळात राज्य सरकारने बंधनं आणली. त्याचा राग कौंटीवर निघाला. ‘तुम्ही राज्याला विरोध का केला नाही?’ हा मोटी यांच्यावरचा मुख्य आक्षेप. पेन्शन खाल्ली नव्हती, कंत्राटं वाटली नव्हती. तरी १ फेब्रुवारी २०२२ ला सुमारे ५६ टक्के मतांनी त्यांना हटवलं गेलं. या मोहिमेला लाखो डॉलर्स एका श्रीमंत गृहस्थाने पुरवले, जो राहायला होता देशाच्या दुसऱ्या टोकाला!

तुम्ही म्हणाल, लोकांना नको होता, लोकांनी काढला, तुझं काय जातं? बरोबर आहे. कॅलिफोर्नियाचा कायदाही हेच म्हणतो. रिकॉलचं कारण पुरेसं आहे की नाही हे तिथे कोणी तपासायचंच नाही, असं राज्याच्या घटनेत लिहिलेलं आहे. पण पुढे काय झालं तेही बघा. मंडळातलं बहुमत फिरलं. मे २०२२ मध्ये कौंटीच्या आरोग्य अधिकारी असलेल्या डॉक्टर बाईंना काढून टाकलं. जानेवारी २०२३ मध्ये मतमोजणीच्या मशीनचा करार रद्द केला आणि हाताने मोजायचं ठरवलं. त्याच वर्षी राज्याने कायदा करून तो मार्ग जवळजवळ बंद केला. मग नव्या बहुमतातले केव्हिन क्राय यांच्यावर दुसऱ्या बाजूने रिकॉल आणलं. मार्च २०२४ मध्ये ते वाचले, किती मतांनी माहीत आहे? ५०! आपल्या हॉस्टेलच्या एका विंगमध्ये याहून जास्त पोरं असतील.

दोन वर्षांत दोन रिकॉल. एकाने ओढली म्हणून दुसऱ्याने ओढली. गाडी पुढे कधी जाणार?

या दोन कौंट्यांत फरक काय? लोक मिलवॉकीचे शहाणे आणि शास्ताचे वेडे असं मुळीच नाही. मिलवॉकीतलं कारण कागदावर होतं. ठराव होता, आकडे होते, कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन तपासावं. डेमोक्रॅट असो की रिपब्लिकन, बेरीज तीच येणार. शास्तात भांडण मतांचं होतं, आणि मतांच्या भांडणासाठी निवडणूक असतेच की. २०१२ मध्ये हीच गोष्ट विस्कॉन्सिनच्या मतदारांनी स्वतः सांगितली. मिलवॉकीच्या त्या रिकॉलमुळे रिकामी झालेली खुर्ची २००२ साली स्कॉट वॉकर यांना मिळाली होती. पुढे ते गव्हर्नर झाले, सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे हक्क त्यांनी कापले आणि मग त्यांच्यावरच रिकॉल आलं. सह्या पाच लाख चाळीस हजार लागत होत्या, दिल्या गेल्या नऊ लाखांहून जास्त. तरी ५ जून २०१२ ला वॉकर ५३ टक्के मतांनी टिकले. त्या दिवशीच्या एक्झिट पोलमध्ये दहापैकी सुमारे सहा जण म्हणाले, रिकॉल वापरावं ते फक्त पदाचा गैरवापर झाला असेल तर. नुसतं पटत नाही म्हणून नव्हे.

वॉशिंग्टन राज्याने यावर चांगली युक्ती काढली आहे. तिथे सह्या गोळा करायच्या आधी आरोप कोर्टासमोर जातात. आरोप खरा की खोटा हे कोर्ट ठरवत नाही. खरा धरला तर तो पदाचा गैरवापर ठरतो का, एवढंच बघतं. मग पुढे मतदार आहेतच. सर्किटमध्ये फ्यूज टाकावा तसं हे आहे.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात रिकॉल अगदीच नाही असं नाही. २०१७ साली सरपंच थेट लोकांमधून निवडायचा कायदा झाला. त्यात अविश्वास ठराव तीन-चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केला तरी शेवटचा शब्द ग्रामसभेचा, तोही गुप्त मतदानाने. २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. मध्य प्रदेशात नगराध्यक्षासाठी अशीच सोय आहे. ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ अशा चिन्हांवर मतदान होतं. पण या दोन्हीत एक गोम आहे. सुरुवात कोण करणार? सदस्य किंवा नगरसेवक. म्हणजे साखळी डब्यात आहे, पण तिच्यापर्यंत फक्त टी.सी.चा हात पोचतो! सदस्यांना खाऊ न देणारा सरपंच धोक्यात, आणि सगळ्यांनी मिळून खाल्लं तर कुणीच धोक्यात नाही. मिलवॉकीत असा नियम असता तर? ज्यांनी पेन्शन मंजूर केली त्यांनाच विचारावं लागलं असतं, ‘साहेब, स्वतःला काढता का?’

म्हणून माझ्या अटी तीन. एक, हक्क स्थानिक पातळीवर द्या, पण सुरुवात मतदारांच्या सह्यांनी होऊ द्या. दोन, कारण लेखी हवं, पदाच्या कामाशी संबंधित हवं आणि कोणीतरी तटस्थ माणसाने ते आधी चाळून घ्यायला हवं. नाहीतर राखीव जागेवरून निवडून आलेल्या एखाद्या ताईंना पहिल्या दिवसापासून खाली खेचायला टपलेल्या मंडळींच्या हातात आपण आयतं हत्यार देऊ. तीन, मोहिमेला पैसा कुणाचा, हे सह्या करायच्या आधी कळलं पाहिजे.

आणि चौथी अट सरकारला नाही, आपल्याला आहे. मिलवॉकीचा ठराव उघड सभेत पास झाला आणि वर्षभर कुणी वाचला नाही. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे, महाराष्ट्रात तर २००२ पासून कायदा होता. ग्रामसभा आहे. किती जण जातो? २०२२ पासून कित्येक वर्षं मुंबई-पुण्याच्या महापालिकांत निवडून आलेलं कुणीच नव्हतं, प्रशासक होते. त्यावर आपल्या मेसमध्ये किती चर्चा झाली? मेसचं बिल वाढलं की आपण सेक्रेटरीच्या नावाने शंख करतो, पण नोटीस बोर्डावर लावलेला महिन्याचा हिशोब उभं राहून कितीजण वाचतात हे सांगायची गरज नाही.

पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा वॉर्डाचा एक तरी ठराव मागून बघा. इंजिनिअर होणार आहोत, चार आकड्यांची बेरीज आपल्याला जड नाही. ‘राईट टू रिकॉल’ मिळेल तेव्हा मिळेल. वाचायचा हक्क हातात आहे, तो आधी वापरू या. म्हणजे उद्या साखळी हातात आली तर कधी ओढायची ते कळेल.