खतावणीची दुसरी प्रत कुठे आहे?

आम्हा कापडवाल्यांचा हिसाब पूर्वी लाल वहीत असे. वही भिजे, उंदीर कुरतडत. पण एका रात्रीत सगळ्या वह्या कोऱ्या झाल्या असे कधी घडले नाही. संगणकात ते घडते.

डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत २७ जून २०१७ रोजी घडले. युक्रेनमधील एका हिसाबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा विषाणू शिरला. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसे, पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय नव्हतीच. कंपनीला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. आमच्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

तिच्या जाळ्याच्या मुख्य नोंदवहीच्या सुमारे दीडशे प्रती होत्या. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदमच गेल्या. वाचली फक्त घाना देशातली. तिथे त्या वेळी वीज गेली होती! भिवंडीचे यंत्रमागवाले भारनियमनाला शिव्या देतात. इथे त्यानेच अब्जावधींची कंपनी तारली.

आमच्यावर हीच पाळी आली तेव्हा घाना नव्हते. दोन वर्षांपूर्वी दुकानाचा संगणक कुलूपबंद झाला. नक्कल ठेवलेली डिस्क मुनीमजींनी सोयीसाठी कायम जोडून ठेवलेली, तीही गेली. कुणाकडे किती उधारी, काही कळेना. कार्बनच्या चलनबुकावरून तीन आठवडे हिसाब जुळवला. एका मागवाल्याने आम्हाला आठवत होती त्याहून जास्त रक्कम स्वतः सांगितली. दोघे मात्र गप्प राहिले, आणि त्यांना दोष तरी कोणत्या कागदावर द्यावा?

व्यापारी बांधव विषाणूविरोधी सॉफ्टवेअर घेतात नि निश्चिंत होतात. ते जरूर घ्यावे, अपडेटही टाळू नयेत. पण आमच्या मते खरा सवाल चोर घुसल्यावर दुकान किती दिवसांत उघडेल, हा आहे. त्यासाठी मोठा खर्च नको. दोन डिस्क घ्याव्यात, आलटूनपालटून नक्कल करावी, काम होताच काढून एक घरी न्यावी. चलनबुक मोडीत काढू नये.

आणि महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आम्ही गेल्या महिन्यात पाहिली तर डिस्क उघडेना. केबल खराब निघाली, दुसरी लावली तेव्हा खतावणी दिसली.